परतीचं स्लीपर

"अलके, विमानात लोअर बर्थ मिळेल का गं?"

शरयूकाकू हे मला आमच्या ऑफिसातल्या बाकावर आडव्या पडून विचारत होत्या. डोक्याखाली पर्स, पोटावर चष्मा, आणि नजर समोरच्या भिंतीवर, जिथं आमच्या मोहिते ट्रॅव्हल्सच्या स्लीपर कोचचं वेळापत्रक लावलेलं होतं. मुंबईच्या गाडीची चौकशी करायला आलेले दोन पॅसेंजर त्यांच्यामुळं ताटकळत उभे होते. बाईमाणूस भर दुपारी असं ऑफिसात झोपलेलं बघून ते एकमेकांकडं बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, यांचा पाठीचा मणका दबलाय, तुम्हाला बसायचंच असेल तर बाहेर चहाच्या गाड्यावर स्टुलं आहेत. ते मुकाट्यानं बाहेर गेले.

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. नवरा म्हणायचा, तू काउंटरला बसलीस तर सांगलीतलं गिऱ्हाईक मिरजेला जाईल. गेलं नाही. उलट बसच्या तिकिटांवरून मी विमानाच्या तिकिटांवर कधी पोचले ते त्यालाही कळलं नाही. आता ऑफिस माझी सून बघते, आणि हल्ली तिला कुणी स्वस्तातल्या बिझनेस क्लासचं विचारलं की ती मला आत फोन करते. तेव्हा मला दर वेळी तो बाक आठवतो.

काकू माझ्या माहेरच्या शेजारी. यजमान गेल्यावर विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या आणि मजेत राहायच्या. सकाळी फुलं, दुपारी भिशी, संध्याकाळी गणपती मंदिर. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास बाथरूममध्ये पाय घसरला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, पण बसणं टाळायचं. उभ्या राहा, चाला, आडव्या व्हा, काही हरकत नाही. बसायचं ते कमरेला पट्टा बांधून, आणि तेही फार तर दोन-तीन तास.

मुलगा श्रीरंग टोरांटोला. धावत आला, रजा संपेस्तोवर आईजवळ राहिला आणि जाताना ठरवूनच गेला की आईनं आता तिकडं यायचं. कायमचं. फ्लॅट वर्षअखेरीला विकून टाकायचा. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आई बाथरूममध्ये तासभर पडून होती आणि दूधवाल्यानं दार फोडलं, हे ज्याला परदेशात फोनवर कळतं, त्याला रात्री झोप कशी लागणार? पण टोरांटो काही मिरज नव्हे. पोचेपर्यंत दिवस जातो, आणि तो सगळा खुर्चीत बसून काढायचा.

म्हणून बिझनेस क्लास. तिथली खुर्ची बटण दाबलं की पलंगासारखी सपाट होते. काकूंना ते मी आमच्या धंद्याच्या भाषेत समजावलं की हे विमानातलं स्लीपर आहे. त्यावरून तो लोअर बर्थचा प्रश्न.

"वर कुणी नसतं काकू. सगळेच लोअर."

"मग महाग असणार," काकू म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यांना फार सांगावं लागत नसे.

महाग म्हणजे किती, तर श्रीरंगनं फोनवर मला तो आकडा पुन्हा सांगायला लावला होता. त्यानं नुकतंच घर घेतलं होतं, बायकोची नोकरी गेली होती. "अलकाताई, काही स्वस्तात जमतंय का बघा," एवढंच म्हणाला. आणि मग रोज तिथून मला सल्ले यायला लागले. अमुक वेबसाइट बघा, तमुक मित्राला मिळालं होतं, मंगळवारी शोधा, पहाटे शोधा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी शेवटी त्याला सांगितलं की बाबा, तू तुझी नोकरी कर, मी माझी करते.

दुपारी गाड्यांची वर्दळ नसते तेव्हा मी शोधायला बसायची आणि काकू चालत चालत येऊन बाकावर पडायच्या. घरी छताकडं बघत पडायचं ते इथं पडते, माणसं तरी दिसतात, म्हणायच्या. मग आमच्या गप्पा. त्यांची नात मुक्ता कॉलेजात जायला लागली होती आणि काकूंनी तिला फोनवरच मोठी होताना बघितलं होतं. तिचे केस कसे आहेत हाताला, हेसुद्धा मला माहीत नाही, म्हणाल्या. आणि एका दुपारी, काही विषय नसताना, छताकडं बघतच त्यांनी मला सांगून टाकलं.

"मला जायचंय अलके. पण मला परतही यायचंय. एकदा गेले की मला आणणार कोण?"

मी विचारलं, हे श्रीरंगला सांगितलंत का. म्हणाल्या, सांगितलं, तर तो म्हणतो आई, आधी ये तर खरी. लहान मुलाला डॉक्टरकडं नेताना आपण जसं म्हणतो ना, तसंच म्हणतो. मी पुन्हा कॉम्प्युटरकडं वळले.

विमानाची भाडी हा एक अजब बाजार आहे. बेदाण्याचा भाव तासगावात एक, पुण्यात एक, हे आपल्याला समजतं, कारण मध्ये ट्रकभाडं असतं. पण तेच विमान, तीच खुर्ची, तेच जेवण, आणि मुंबईहून बसलात तर एक भाव, हैदराबादेहून बसलात तर दुसरा. शिवाय दुसरा उलटा कारभार असा की लांबच्या प्रवासाला नुसतं जायचं म्हटलं की भाडं जास्त, जाऊन येतो म्हटलं की कमी. मी मुंबई बघितली, दिल्ली बघितली, कोची बघितली. मुंबईतल्या घाऊक तिकीटवाल्यांना फोन करून झाले. साध्या तिकिटावर चढायचं आणि ऐन वेळी पैसे भरून वरच्या वर्गात जायचं, असाही एक मार्ग असतो. पण मिळालं नाही तर काकूंचं काय, या विचारानं मी तो सोडला. घोडं काही पुढं जाईना.

आणि मग गंमत झाली. मिरजेच्या एका बौद्ध मंडळाचे यात्रेकरू मी दरसाल श्रीलंकेला पाठवायची. त्यांची परतीची तिकिटं करून झाली आणि मी तशीच काकूंचं बघायला घेतलं. पोचायचं ठिकाण टोरांटो घातलं, पण निघायचं ठिकाण बदलायचं राहून गेलं. तिथं कोलंबोच राहिलं होतं. भाडं आलं ते बघून मला वाटलं, एक शून्य कुठंतरी पडलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मुंबईहून नुसतं जायला जेवढे लागत होते, त्याच्या अर्ध्याहून कमी पैशात कोलंबोहून टोरांटोला जाऊन येणं होत होतं. सपाट खुर्ची, दोन्ही बाजूंनी.

मी खुर्चीतून उठलेच. काकूंना म्हटलं, तुम्हाला लंकेला जावं लागेल.

"का गं, मी काय केलं?" काकू म्हणाल्या.

मुंबईहून कोलंबो अडीच तासांचं विमान. तेवढं पट्टा बांधून बसता येत होतं. तिथं विमानतळाजवळ नेगोम्बोला इनोका नावाच्या बाईचं गेस्टहाउस, माझे यात्रेकरू तिच्याकडंच उतरायचे. तिथं एक रात्र आडवं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या विमानात झोपून कॅनडा, मध्ये आखातात एकदा व्हीलचेअरवरून विमान बदलायचं. सगळा द्राविडी प्राणायाम खरा, तोही अक्षरशः दक्षिणेकडून, पण जमत होतं. मी तिथल्या तिथं श्रीरंगला फोन लावला. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

श्रीरंग खूश झाला. खरंच खूश झाला. मग व्यवहाराचं बोलायला लागला. म्हणाला, फक्त जायचंच काढा ना, अजून स्वस्त पडेल. मी त्याला समजावलं की नाही, फक्त जायचं महाग आहे, जाऊन-येऊनच स्वस्त आहे.

"बरं मग तसं काढा," तो म्हणाला. "परतीचं फेकून देऊ. तारीख कुठलीही टाका, वापरायचंच नाहीये."

मी फोन ठेवला आणि बघितलं, तर काकू उशाची पर्स छातीशी धरून पडल्या होत्या. मला श्रीरंगचा राग आला, स्पीकर चालू ठेवल्याबद्दल माझाही आला. म्हटलं, काकू, पोरगं घाईत बोलून गेलं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"अलके, हे फेकायचं तिकीट खरं असतं का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझं नाव असतं? नंबर असतो? खुर्ची असते?"

"असते की. पैसे भरलेत म्हटल्यावर सगळं असतं."

"आणि झोपायची सोय? येतानाही?"

"येतानाही."

"मग चंपाषष्ठीच्या आधी पोचेन असं टाक."

मी पंचांगात बघून तारीख टाकली. काकूंच्या सासरचं, आष्टेकरांचं, कुलदैवत पालीचा खंडोबा. चातुर्मासापासून बंद असलेलं वांगं त्यांच्या घरी चंपाषष्ठीला सुटतं, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, तळी भरली जाते. कुठलीतरी तारीख टाकायचीच होती, तर म्हातारीच्या मनासारखी टाकली, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. त्यांना एक मात्र मी बजावून सांगितलं की हे तिकीट कोलंबोपर्यंतच आणतं, सांगलीपर्यंत नाही. मला समजतंय, म्हणाल्या.

निघायचा दिवस अक्षय्यतृतीयेनंतरचा. आमच्याच स्लीपर कोचनं मुंबईपर्यंत जायचं होतं आणि मुंबईला त्यांचा भाचा विमानतळावर सोडणार होता. संध्याकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली. बायकांनी ओटी भरली. कुणीतरी विचारलं, देव घेतलेत ना बरोबर? श्रीरंगनंही फोनवर तेच बजावलं होतं की देव घेऊन ये, इथं देवघर केलंय.

"तांदळात ठेवलेत," काकू म्हणाल्या.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. घर बंद करून चार दिवस कुठं जायचं असलं की आपण देव डब्यात तांदळावर ठेवून जातो, तेवढे दिवस त्यांची पूजा चुकली तरी चालते. कायमचं जाणारं माणूस देव तांदळात ठेवत नाही. पण निघताना वाद कोण घालणार? काकूंनी पिशवीचं वजन जास्त होईल असं काहीतरी सांगितलं आणि विषय संपला. घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

मग त्या एकेकीला "येते हं" म्हणत निघाल्या. बायका म्हणाल्या, सुखानं राहा. नातीत रमा. आता इकडची काळजी सोडा. पलीकडच्या देशपांडेवहिनी तर रडायलाच लागल्या, म्हणाल्या, जा हो, निवांत जा. मी ड्रायव्हरला फोनवरून झापत होते, कारण त्यानं गाडी चौकाच्या पलीकडं थांबवली होती. काकू माझ्याजवळ येऊन "येते अलके" म्हणाल्या तेव्हा मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "हो हो काकू, जा, आधी गाडीत जाऊन आडव्या व्हा." आणि गाडी गेली.

प्रवास छान झाला. इनोकानं त्यांना नारळाच्या दुधातली खीर करून घातली. टोरांटोला श्रीरंग आणि मुक्ता न्यायला आले होते. मुक्तानं फोटो पाठवला, त्यात काकू तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मला फार बरं वाटलं. इतकं अवघड तिकीट मी पहिल्यांदाच काढलं होतं. ते ऐकून पुढं सांगलीतले निम्मे म्हातारे आईबाप मी कोलंबोमार्गे झोपवून पाठवले.

काकूंचा अधूनमधून फोन यायचा. घर मोठं आहे, पोरं प्रेमळ आहेत. सुनेला पुन्हा नोकरी लागलीय, पण सकाळी पाठीला शेक देऊन मगच बाहेर पडते. तक्रार अशी नाहीच. कांदेनवमीला त्यांनी भरतासाठी वांगं भाजायला घेतलं तर घरभर भोंगा वाजायला लागला आणि शेजारचे लोक बाहेर येऊन उभे राहिले. ते सांगताना त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. मग म्हणाल्या, "इथं सगळं आहे गं. पण मी इथं कुणाची आई आहे, कुणाची आजी आहे. शरयू म्हणून मला इथं कुणी ओळखत नाही. दिवसभर घरात मी, आणि बाहेर दिसतात ती झाडं."

मी म्हटलं, सवय होईल. आणखी काय म्हणणार?

दिवाळीनंतर पुन्हा फोन आला. त्या वेळी मी कामात बुडालेली होते. लग्नाच्या वऱ्हाडाची तिकिटं एकाच वेळी छापायची होती आणि प्रिंटर कागद गिळत होता. काकूंनी विचारलं, घराचं कुलूप ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे. तांदळाला टोके झाले नाहीत ना? म्हटलं, डब्यात कडुलिंबाचा पाला टाकलाय. इनोका बरी आहे का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, तुमची आठवण काढते.

"बरं," काकू म्हणाल्या. "येते मग."

"या," मी म्हटलं, आणि प्रिंटरमधला कागद ओढून काढला.

त्यानंतर काही दिवस गेले. मार्गशीर्ष लागला होता. सकाळी ऑफिस उघडून मी नुकती उदबत्ती लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर श्रीलंकेचा. मला वाटलं इनोका, यात्रेकरूंचं काहीतरी असेल.

"अलके," पलीकडून काकू म्हणाल्या. "तू काढलंस तिथपर्यंतचं तिकीट संपलं. आता पुढचं बघ."

मी उदबत्ती हातात धरूनच खाली बसले. कुठं आहात, विचारलं. नेगोम्बोला, इनोकाकडं, आडवी पडलेय, म्हणाल्या. एकट्या? एकटी कशी, व्हीलचेअरवाले असतात की, दर विमानतळावर नवीन पोरगा, सगळे गुणी. लंकेचा व्हिसा? मुक्तानं कॉम्प्युटरवर काढून दिला. ती पुढचंही तिकीट काढत होती, पण मीच नको म्हटलं, पुढचं अलका बघेल. आणि श्रीरंग?

श्रीरंगला त्यांनी दसऱ्यालाच सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, ते फेकायचं तिकीट मी फेकलं नाही रे. तो चिडला, मग बोलेनासा झाला, मग रडला. पुन्हा पडलीस तर? त्या म्हणाल्या, पडले तर पडले, इथंही बाथरूम आहेच. कुणी सोबतीला ठेवते, बाथरूममध्ये धरायला दांड्या लावून घेते, तुला रोज फोन करते. पण माझं घर विकू नकोस. शेवटी विमानतळावर सोडायला तोच आला होता. दारापर्यंत म्हणत होता, आई, अजून विचार कर.

"आणि मला? मला एका शब्दानं सांगायचं नाही?" मला आता राग यायला लागला होता. "मी गाडी पाठवली असती, मुंबईला आले असते, काहीतरी केलं असतं. असं न सांगता यायचं?"

"न सांगता कुठं? फोनवर येते म्हटलं की तुला."

फोनवर कुणी 'येते' म्हणत नाही. फोनवर 'ठेवते' म्हणतात. आयुष्यभर दिवसाला पन्नास फोन घेणारी बाई मी, आणि मला ते ऐकूनही ऐकू आलं नव्हतं.

तिकीट काढलं. लगेच मिळालं, साधंच, त्यात काही युक्ती लागत नाही. मुंबईला भाच्यानं उतरवून घेतलं आणि संध्याकाळी आमच्या गाडीत बसवलं. बसवलं कसलं, झोपवलं. उजव्या बाजूची, ड्रायव्हरच्या मागची खालची शायिका मी काढून ठेवली होती. नवऱ्यानं ड्रायव्हरला सांगितलं, खड्डे बघून चालव, मोहितेंच्या घरची आई आहे. मी असं काही सांगितलं नव्हतं, त्याच्याच तोंडून आलं.

सकाळी मी विश्रामबागच्या चौकात जाऊन उभी राहिले. थंडी होती. गाडी आली, दार उघडलं, क्लीनरनं बॅग खाली दिली आणि मागोमाग काकू हळूच उतरल्या. पट्टा साडीवरून बांधलेला, डोक्याला मुक्ताची लोकरीची टोपी, आणि चेहरा असा ताजा की प्रवास मीच करून आलेय असं वाटावं. मी वाकायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, मला वाकून उठवता येणार नाही.

फ्लॅट चौकापासून हाकेच्या अंतरावर. चालायला त्यांना कधीच त्रास नव्हता. कोपऱ्यावर भाजीवाली नुकतीच पाटी मांडत होती, तिच्याकडं कृष्णाकाठची वांगी आली होती. काकू तिथं थांबल्या, एकेक वांगं उचलून देठापाशी दाबून बघितलं आणि भरताची निवडून घेतली. चंपाषष्ठी दुसऱ्या दिवशी होती. भाजीवाली म्हणाली, काकू, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. गावाला गेले होते, काकू म्हणाल्या.

पिशवी मी घेतली. चालता चालता मी त्यांना म्हटलं, खरं सांगा, एवढं धाडस केलंत कशाच्या जिवावर? अर्ध्या जगाला वळसा घालून, असली पाठ घेऊन? श्रीरंगचं मन मोडून?

बिल्डिंगच्या पायऱ्या आल्या. त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागल्या, मी मागून.

"जाताना सगळ्यांना येते म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं खाली जमली होती, एक जण या म्हणालं नाही गं. सगळी जा म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली, पण जा म्हणाली. तूसुद्धा." जिना वळला तिथं त्या श्वास घ्यायला थांबल्या. "तिकडं मी तिकीट रोज काढून बघायची आणि ठेवून द्यायची. श्रीरंगला सांगून टाकलं होतं, तरी वाटायचं, कुणी बोलावलंच नाही तर कशाला जायचं? मग तुला फोन केला. आणि तू या म्हणालीस."

मी प्रिंटरमधला कागद ओढता ओढता म्हणाले होते. ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही कधी सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पिशवीतली वांगी नीट करतेय असं दाखवलं.

दारापाशी आलो. आत डब्यात तांदळावर देव वाट बघत होते. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी किल्ली फिरवली, कुलूप काढलं, दार आत ढकललं आणि बाजूला झाले.

"या काकू," मी म्हटलं. "या."